विश्वाचं वय पृथ्वीपेक्षा कमी येतंय, हे कसं?

रेवती_सिन्नर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे टाकतेय. मी कॉमर्सवाली, दहावीनंतर फिजिक्सशी संबंध संपला, आता खगोलशास्त्राचा एक प्राथमिक ऑनलाइन कोर्स करतेय आणि खरंच मनापासून आवडतोय.

परवा हबलच्या १९२९ च्या ग्राफवर लेक्चर झालं. २४ दीर्घिका, आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर वेग, आणि जी जितकी लांब ती तितकी जास्त वेगाने दूर जातेय. त्या रेषेचा उतार हबलने काढला तो दर मेगापार्सेकला सेकंदाला साधारण ५०० किमी. सर म्हणाले हा आकडा उलटा केला की विश्वाचं वय ढोबळमानाने कळतं, कारण आज सगळं लांब लांब जातंय म्हणजे मागे मागे गेलं की कधीतरी सगळं एकत्र असणारच. मग मी बसले हिशोबाला. एक मेगापार्सेक म्हणजे ३०९ वर १७ शून्यं इतके किमी. भागिले ५००, आले ६१८ वर १४ शून्यं इतके सेकंद. वर्षात साधारण ३ कोटी १५ लाख सेकंद. उत्तर आलं १९६ कोटी वर्षं, म्हणजे जेमतेम २ अब्ज!

पृथ्वीच साडेचार अब्ज वर्षांची आहे ना? मग विश्व तिच्यापेक्षा लहान कसं? आजचा आकडा ७० च्या आसपास धरला की बरोबर १४ अब्ज येतात, म्हणजे पद्धत ठीक दिसतेय, पण मग हबलचं काय बिनसलं? वेग चुकीचे मोजले होते का? आणि त्या काळातल्या लोकांच्या हे लक्षात आलं नाही का? सरांनी "जुन्या काळी मापनं कच्ची होती" म्हणून पुढची स्लाइड लावली, पण सात पट फरक म्हणजे कच्चं मापन नव्हे, काहीतरी ठोस कारण असणार असं मला वाटतंय.

दुसरं एक, सगळ्या दीर्घिका आपल्यापासूनच दूर जात असतील तर मध्यभागी आपणच आहोत का? आणि शेजारची देवयानी दीर्घिका तर आपल्याकडे येतेय म्हणतात, ते यात कसं बसवायचं?

नभांगण_७४

रेवतीताई, हिशोब अगदी बरोबर आहे आणि शंका त्याहून बरोबर. मी बत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा अशी फार इच्छा असायची.

लोकांच्या लक्षात आलं होतं, चांगलंच आलं होतं. १९३० आणि ४० च्या दशकात खडकांमधल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचं वय २ ते ३ अब्ज वर्षं निघत होतं. साडेचार अब्ज हा पक्का आकडा क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्कापाषाणातल्या शिशावरून काढला, पण त्याच्या आधीच भूगर्भवाले आणि खगोलवाले समोरासमोर उभे होते. आईपेक्षा लेक मोठी असं कोणालाच मान्य होणार नव्हतं.

आता बिनसलं काय ते. वेग चुकले नव्हते. वेग मोजणं तुलनेने सरळ काम, दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा, त्यात कॅल्शियम वगैरेच्या ओळखीच्या काळ्या रेषा असतात, त्या लाल टोकाकडे किती सरकल्यात ते बघायचं. हे काम अमेरिकेत ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरने १९१२ पासून केलं. पहिला वर्णपट देवयानीचा, आणि ती तर सेकंदाला ३०० किमी वेगाने आपल्याकडे येताना निघाली. पुढे १९१७ पर्यंत त्याच्याकडे २५ वेग जमले होते आणि त्यातले २१ दूर जाणारे होते. हबलच्या ग्राफमधले बरेचसे वेग स्लायफरचेच आहेत पण त्या लेखात त्याचा नीट उल्लेख नाही. याचं मला नेहमी वाईट वाटत आलंय. रात्र रात्र एकेका अंधुक डागावर दुर्बीण धरून ठेवायची, कधीकधी एकच प्लेट अनेक रात्री उघडी ठेवायची, असं ते काम होतं.

बिनसलं ते अंतरात. सगळी गोम तिथेच. आकाशात अंतर मोजायला पट्टी नाही, एखाद्या गोष्टीचं खरं तेज माहीत असेल तरच ती किती मंद दिसते त्यावरून अंतर काढता येतं. हे खरं तेज कळायचा रस्ता हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेव्हिट बाईंनी दाखवला. छोट्या मॅगेलनी मेघातल्या (ही आपल्या शेजारची एक छोटी दीर्घिका) २५ ताऱ्यांचा अभ्यास करून १९१२ मध्ये त्यांनी दाखवलं की सेफिड जातीचे तारे ठरावीक काळाने तेजस्वी मंद होत राहतात आणि ज्याचा हा काळ मोठा तो तारा मुळातच जास्त तेजस्वी. म्हणजे नुसतं घड्याळ लावून ताऱ्याचं खरं तेज कळायला लागलं. (आपला अढळ ध्रुव सुद्धा सेफिडच बरं का, जवळजवळ चार दिवसांनी त्याचं तेज किंचित वरखाली होतं, डोळ्यांना कळत नाही इतकंच.)

१९२३ च्या ऑक्टोबरात हबलला माऊंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीत असा तारा सापडला, आणि देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झालं. त्यावेळी अंतर काढलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आज आपण २५ लाख म्हणतो! म्हणजे पहिल्याच पायरीला अडीच पटीहून जास्त फरक. आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच पायरीवर उभ्या.

का चुकलं हे पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, त्याची हकीकत फार सुंदर आहे आणि घाईत उरकायची नाही.

खोडदचा_वारा

सर लिहितायत तोवर मध्यभागाचं मी सांगतो ताई. पुणे नाशिक रस्ता घ्या. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक. समजा एका तासात हा अख्खा रस्ताच दुप्पट ताणला गेला, गावं जागची हलली नाहीत, मधला डांबरी रस्ताच वाढला. तुम्ही सिन्नरला उभ्या आहात. नाशिक ३० किमीवर होतं ते ६० वर गेलं म्हणजे तासाला ३० ने लांब गेलं. संगमनेर ४० वर होतं ते ८० वर, म्हणजे ४० च्या वेगाने. नारायणगाव शंभराच्या आसपास होतं ते दोनशेवर. जे लांब ते जास्त वेगाने, आणि तुम्हाला वाटणार सगळे आपल्यापासूनच पळतायत. आता मी नारायणगावात उभा राहून तोच हिशोब केला तर मलाही तेच दिसणार की नाही? मध्य कुठेच नाही. महास्फोट अमुक जागी झाला आणि तिथून तुकडे रिकाम्या जागेत उडाले असं नाहीच, जागा स्वतःच सगळीकडे ताणली जातेय, त्यामुळे तो "इथे" पण झाला आणि देवयानीत पण झाला.

देवयानीचं उत्तर गुरुत्वाकर्षण. ती इतकी जवळ आहे की प्रसरणाचा वाटा सेकंदाला ५०-५५ किमीच येतो, आणि आपली आकाशगंगा आणि देवयानी एकमेकींना त्याहून जोरात ओढतायत. ते ३०० किमी जे सरांनी लिहिलं ते सूर्याच्या हिशोबाने, त्यात सूर्य आकाशगंगेभोवती फिरतोय तो वेग पण मिसळलाय, तो काढून टाकला तर सुमारे ११० किमी उरतात. याच कारणाने तुमचं घर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा यातलं काहीही फुगत नाहीये, जे बांधलेलं आहे ते बांधलेलंच राहतं. कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या गुच्छापर्यंत, म्हणजे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास गेलात की मग प्रसरण जिंकताना दिसतं, तिथे वेग हजार अकराशे किमी येतो.

नभांगण_७४

हं, तर पुढचं.

वॉल्टर बाडे नावाचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ माऊंट विल्सनवर काम करायचा. अमेरिकन नागरिकत्व घ्यायचं राहून गेलेलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं, इतर शास्त्रज्ञ लष्करी कामावर गेले, हा शत्रूराष्ट्राचा माणूस म्हणून याला तिकडे घेणं शक्य नव्हतं, फिरण्यावरही बंधनं. पण दुर्बीण मात्र वापरायला मिळाली. आणि त्याच काळात हवाई हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसचे दिवे घालवले जायचे, त्यामुळे माऊंट विल्सनचं आकाश पुन्हा काळंभोर झालं. १०० इंची दुर्बीण, अंधारं आकाश, लाल रंगाला संवेदनशील प्लेटा आणि बाडेचा हात. देवयानीचा मधला भाग तोवर नुसता दुधाळ दिसायचा, बाडेने तिथले तारे सुटे सुटे करून दाखवले, १९४४ मध्ये ते छापून आलं.

त्यातून कळलं की ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत. सर्पिल बाहूंमध्ये तरुण निळे तारे, गाभ्यात आणि गोलाकार तारकागुच्छांमध्ये म्हातारे लालसर तारे. आणि इथेच गाडं अडलेलं होतं रेवतीताई, सेफिडही दोन प्रकारचे निघाले! एकच काळ असलेले दोन सेफिड घेतले, एक तरुण पिढीतला एक जुन्या, तर तरुण पिढीतला जवळजवळ चौपट तेजस्वी. हबलने देवयानीत पाहिलेले तरुण पिढीतले होते पण त्यांचं तेज जुन्या पिढीच्या मापाने मंद धरलं होतं. आता तुम्हीच हिशोब करा, अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे तारा प्रत्यक्षात चौपट तेजस्वी असेल तर तो दुप्पट लांब. एका झटक्यात सगळी अंतरं दुप्पट आणि वयही दुप्पट.

हे कसं लक्षात आलं तेही बघा. पालोमारची २०० इंची दुर्बीण सुरू झाली तेव्हा बाडेने देवयानीत आरआर लायरी जातीचे तारे (जुन्या पिढीतले, ज्यांचं खरं तेज साधारण माहीत असतं) शोधायला घेतले. जुन्या अंतराप्रमाणे ते त्या दुर्बिणीत अगदी कडेला का होईना दिसायलाच हवे होते. दिसले नाहीत. दुर्बिणीला दोष न देता त्याने निष्कर्ष काढला की देवयानीच आपण समजतो त्यापेक्षा दुप्पट लांब आहे, आणि १९५२ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या बैठकीत ते जाहीर केलं. तिथेच दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या डेव्हिड थॅकरेने मॅगेलनी मेघातल्या आपल्या वेधांनी दुजोरा दिला. न दिसलेल्या ताऱ्यांवरून विश्व दुप्पट मोठं झालं, ही मला विज्ञानातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

उरलेला फरक ॲलन सँडेजने भरून काढला. आणखी लांबच्या दीर्घिकांमध्ये हबलने "सर्वात तेजस्वी तारा" म्हणून जे धरलं होतं ते अनेक ठिकाणी तारे नव्हतेच, चमकणाऱ्या हायड्रोजन वायूचे ढग होते, ताऱ्यापेक्षा कितीतरी तेजस्वी. ढगाला तारा समजलं की दीर्घिका फार जवळ वाटते. १९५८ मध्ये सँडेजने उतार ७५ च्या आसपास आणला. म्हणून तुमची शंका रास्त आहे, "कच्चं मापन" म्हणून पुढे जाऊ नये, कारण कुठे काय चुकलं ते नेमकं सांगता येतं.

लमेत्रचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती. आईनस्टाईनच्या समीकरणांवरून विश्व प्रसरण पावत असणार हे त्यांनी १९२७ मध्येच फ्रेंचमध्ये छापलं होतं, आणि अंतर वेगाचा उतारही काढला होता, ६२५ च्या आसपास. त्यांच्या पाच वर्षं आधी रशियात फ्रीडमनने गणिताने तसंच दाखवलं होतं पण वेधांशी जोडलं ते लमेत्रने. १९३१ मध्ये पुढे जाऊन सगळं विश्व एका आदिअणूतून आलं असणार हेही त्यांनीच मांडलं. हबल स्वतः मात्र या प्रसरणाच्या अर्थाबद्दल कायम हात राखून बोलला. २०१८ मध्ये खगोल संघटनेने मतदान घेऊन या नियमाला हबल लमेत्र नियम म्हणावं असं ठरवलं, ते योग्यच झालं.

अविनाश_ठाणे

चर्चा छान चाललीय, पण एक बाजू राहतेय असं वाटतं. हे जे वयाचं कोडं होतं त्याच्यामुळेच १९४८ मध्ये हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला होता ना, की विश्वाला सुरुवातच नाही, प्रसरण होतंय पण मधल्या जागेत नवीन पदार्थ थोडा थोडा तयार होत राहतो, म्हणजे घनता तीच राहते. सुरुवातच नाही तर वयाचा प्रश्नच नाही. आपले जयंत नारळीकर सर हॉईलचे विद्यार्थी, आणि २०२५ मध्ये गेले तोपर्यंत त्यांनी महास्फोटावर प्रश्न विचारणं सोडलं नव्हतं. मी शाळेत असल्यापासून त्यांचं वाचत आलोय, त्यांच्यामुळे आकाशाकडे बघायला लागलो. इतका मोठा माणूस शेवटपर्यंत पटत नाही म्हणतो तर त्यात काहीतरी असेलच की. शिवाय असंही वाचलंय की प्रकाश एवढं लांब येता येता "थकतो" आणि म्हणून लाल होतो, प्रसरण वगैरे काही नाही. हे कशावरून खोटं म्हणायचं?

दुर्बीणवाली_पुणे

अविनाशदादा, नारळीकर सरांबद्दल जे लिहिलंत ते अगदी मनातलं. मी पुण्यात फिजिक्स एमएस्सी करतेय, आयुकात (इथली खगोलशास्त्राची संशोधन संस्था) त्यांची व्याख्यानं ऐकलीयत. पण त्यांनीच आम्हाला शिकवलं की कोण म्हणतंय हे बघू नका, वेध काय म्हणतायत ते बघा, म्हणून वेधांचं सांगते.

थकलेला प्रकाश आधी घेते, ते सोपं आहे. ही कल्पना फ्रिट्झ झ्विकीची, १९२९ सालचीच. प्रकाश नुसता थकून लाल होत असेल तर लांबची घटना फक्त लाल दिसेल, हळू घडताना दिसणार नाही. पण जागा ताणली जात असेल तर लहरींमधलं अंतर जितकं ताणलं जातं तितकाच दोन घटनांमधला वेळही ताणला जायला हवा. याची परीक्षा सुपरनोव्हांवर, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांवर झाली. टाईप वनए जातीच्या सुपरनोव्हाचं तेज ठरावीक काळात चढतं आणि उतरतं, आणि लांबचे बघितले तर ते खरंच तितकेच हळू चढतात उतरतात, जितकी त्यांची रेडशिफ्ट (प्रकाश लाल टोकाकडे किती सरकला त्याचं माप) सांगते. २०२४ मध्ये सुमारे १५०० सुपरनोव्हांवर हे तपासलं गेलं, तंतोतंत जुळलं. थकलेल्या प्रकाशाकडे याचं उत्तर नाही.

आता स्थिर स्थिती. त्या सिद्धांताची एक गोष्ट मला फार आवडते, तो ठाम भाकीत करतो. विश्व सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखंच असलं पाहिजे. म्हणजे लांब, म्हणजेच भूतकाळात बघितलं तर तिथेही आजच्यासारखंच दिसायला हवं. केंब्रिजला मार्टिन राईलने आकाशातले रेडिओ स्रोत (रेडिओ लहरी सोडणाऱ्या लांबच्या वस्तू) मोजले आणि म्हणाला मंद, म्हणजे लांबचे स्रोत प्रमाणाबाहेर जास्त आहेत. त्यावरून त्याच विद्यापीठात राईल विरुद्ध हॉईल असं जोरदार वाजलं आणि नारळीकर सरांचं संशोधनाचं पहिलंच काम हॉईलबरोबर याच वादावर होतं, विशीतला मुलगा!

आणि आता ऐका. या वादात भारतातूनही पुरावा आला. उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण आहे, १९७० मध्ये सुरू झाली, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो त्या क्षणाचे वेध घेऊन त्यांनी शेकडो स्रोतांचा आकार मोजला. स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की मंद स्रोतांचे आकार ज्या पद्धतीने लहान होत जातात ते स्थिर स्थितीत बसत नाही, पूर्वीचे रेडिओ स्रोत आजच्यापेक्षा वेगळे होते. म्हणजे विश्व बदलत आलंय. नंतर स्वरूप सरांनी खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण उभारली आणि नारळीकर सरांनी पुण्यातच आयुका. विश्वाबद्दल मतं इतकी वेगळी असलेली दोन माणसं आणि एकाच जिल्ह्यात दोघांनी एवढ्या मोठ्या संस्था उभ्या केल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण खरा निकाल लावला तो पार्श्वभूमी प्रारणाने. १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीत होल्मडेलला पेंझियस आणि विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती, कुठेही वळवा, दिवसा बघा रात्री बघा, तीच. कबुतरांची घाण साफ केली तरी गेली नाही. ती साडेतीन केल्विनच्या आसपासच्या उष्णतेची लहर होती. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच गणिताने सांगितलं होतं की विश्व एकेकाळी तप्त असेल तर आज ५ केल्विनच्या आसपास उष्णता उरलेली असेल. आज तो आकडा २.७२५ इतका अचूक माहीत आहे. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना तापमान ३००० केल्विनपर्यंत उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये अडकले आणि प्रकाश मोकळा सुटला, तो हा प्रकाश. तेव्हापासून सगळं सुमारे ११०० पट ताणलं गेलंय, आणि ३००० ला ११०० ने भागा, किती येतं बघा.

अविनाश_ठाणे

ओके सुपरनोव्हाचा मुद्दा माहीत नव्हता, तो जबरदस्त आहे. पण नारळीकर सरांनी नव्वदच्या दशकात सुधारित सिद्धांत मांडला होता त्यात या प्रारणाचंही स्पष्टीकरण होतं ना?

दुर्बीणवाली_पुणे

हो, १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर. ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकला आणि त्यातून ही सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी तयार झाली अशी मांडणी होती. अडचण अशी की कोबे उपग्रहाने मोजलेला वर्णपट इतका परिपूर्ण आहे की तो अशा मार्गाने जुळवायला फार कसरत करावी लागते, आणि पुढे प्लांक वगैरे उपग्रहांनी या प्रारणातले लाखात एक इतके बारीक चढउतार मोजले, त्यांचा जो नकाशा मिळाला तो तप्त सुरुवातीच्या गणिताशी फार नेमका जुळतो. त्यामुळे बहुतेकांना ती मांडणी पटली नाही.

आणि याहून सरळ परीक्षा आहे. विश्व पूर्वी खरंच जास्त गरम होतं का हे थेट बघता येतं का? येतं! लांबच्या क्वेसारचा (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा) प्रकाश आपल्याकडे येताना मध्ये एखाद्या वायूच्या ढगातून गेला तर त्या ढगातल्या रेणूंवरून तिथलं त्यावेळचं तापमान कळतं. आयुकाचे रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने हे केलं. २००० मध्ये पहिल्यांदा, आणि मग २००८ मध्ये कार्बन मोनॉक्साईडच्या रेणूंवरून ११ अब्ज वर्षांपूर्वीचं तापमान काढलं ते ९.१५ केल्विन. महास्फोटाच्या गणिताने यायला हवं होतं ९.३. आज पावणेतीन, तेव्हा नऊच्या वर. हे काम नारळीकर सरांनी उभारलेल्या संस्थेतच झालं, आणि मला त्यात काहीच विरोधाभास वाटत नाही. मोकळेपणाने काम करू देणारी संस्था त्यांनी उभी केली होती म्हणूनच झालं.

रेवती_सिन्नर

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. बाडेची गोष्ट मी काल घरी सगळ्यांना सांगितली. संगमनेरचं उदाहरण पण लगेच पटलं कारण त्या रस्त्याने माझं सततचं जाणं येणं आहे.

आता दोन प्रश्न अजून, रागावू नका. एक, वय १३.८ अब्ज वर्षं तर दिसणारं विश्व प्रत्येक दिशेला ४६ अब्ज प्रकाशवर्षं कसं? प्रकाशापेक्षा वेगाने गेलं का काही? दोन, आमच्या कोर्सच्या सरांनी आजचा आकडा "६७ किंवा ७३" असा सांगितला. किंवा म्हणजे काय? अजून ठरलेलं नाही?

खोडदचा_वारा

पहिल्याचं सांगतो. प्रकाश १३.८ अब्ज वर्षं चालला हे खरं, पण तो चालत असताना मागचा रस्ता ताणला जात होता. जो पार्श्वभूमीचा प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतोय तो निघाला तेव्हा ती जागा आपल्यापासून फक्त सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास होती. तेव्हापासून ११०० पट ताणली गेली म्हणून आज ४६ अब्ज. जागेतून कोणी प्रकाशापेक्षा वेगाने धावलं नाही, जागाच वाढली, आणि जागेच्या वाढण्यावर तो वेगाचा नियम लागू नाही.

आमच्या जीएमआरटीचं पण एक सांगतोच. थंड हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला रेडिओ लहर सोडतो, २१ सेंटीमीटरची. लांबच्या दीर्घिकेची ती लहर ताणून येते म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीला सापडते. २०२३ मध्ये इथल्याच वेधांमधून एका दीर्घिकेची ही लहर ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास पकडल्याचं जाहीर झालं, निघाली तेव्हा विश्व ५ अब्ज वर्षांपेक्षाही लहान होतं. १४२० ला ६२० ने भागा, तेवढ्या पट विश्व तेव्हापासून ताणलंय. नारायणगावच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये उभ्या असलेल्या या ४५ मीटरच्या ३० डिशांसाठीच आमच्या भागात रेडिओचा गोंगाट कमी ठेवावा लागतो आणि तो ठेवायलाच हवा.

नभांगण_७४

दुसऱ्याचं मी. ताई, "किंवा" म्हणजे खरंच अजून ठरलेलं नाही, तुमच्या सरांनी प्रामाणिक उत्तर दिलंय.

दोन रस्ते आहेत. एक, प्लांक उपग्रहाने मोजलेलं ते बालविश्वाचं प्रारण घ्यायचं आणि गणिताने आजपर्यंत यायचं, उत्तर ६७.४, चूक अर्ध्याच्या आसपास. दुसरा, लेव्हिटबाईंचाच रस्ता, सेफिडवरून जवळच्या दीर्घिका, त्यांच्यावरून सुपरनोव्हा, असं पायरी पायरीने लांब जायचं, ॲडम रीस यांच्या गटाचं उत्तर ७३, चूक एकच्या आसपास. दोघांच्या चुका विचारात घेतल्या तरी आकडे एकमेकांत बसत नाहीत. जेम्स वेब दुर्बिणीने सेफिड पुन्हा तपासले, गर्दीत शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळून घोटाळा झाला असेल अशी शंका होती, ती फिटली, आकडा हलला नाही. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने वेगळ्या जातीचे तारे वापरले तर त्यांना ७० च्या जवळ आलं. म्हणजे अजून मोजमापात काही लपलंय की विश्वाबद्दलच्या गणितात काही राहिलंय, दोन्ही शक्यता उघड्या आहेत. काही लोक घाईने "महास्फोट कोसळला" असे मथळे देतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, इथे वाद आठ-नऊ टक्क्यांचा आहे, सात पटीचा नाही.

आणि तुमचा उलटा करायचा हिशोब इथेही करून बघा, ६७.४ ला साडेचौदा अब्ज येतील, ७३ ला १३.४. प्रत्यक्ष वय याच्यापेक्षा थोडं कमी असतं, कारण प्रसरणाचा वेग सगळ्या काळात सारखा नव्हता, आधी गुरुत्वाने मंदावला आणि गेली काही अब्ज वर्षं वाढतोय. हे वाढणं १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरूनच कळलं आणि २०११ चं नोबेल त्यालाच मिळालं.

हिंगोलीकर_प

मी इथे नेहमी नुसता वाचतो पण आज लिहावंसं वाटलं. अंतराच्या पायऱ्या चुकतात हाच जर सगळा घोळ असेल तर पायऱ्यांशिवाय अंतर कळायची काही सोय नाही का? विचारायचं कारण आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथच्या बाजूला लायगो इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणारे, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले, गावात सगळे विचारतात की याचा उपयोग काय. मला वाटतं याचा इथे काहीतरी संबंध आहे.

दुर्बीणवाली_पुणे

संबंध आहे आणि अगदी थेट आहे दादा! दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गाभे) एकमेकांभोवती फिरत फिरत आदळतात तेव्हा गुरुत्वीय लहरी, म्हणजे जागेतच उठणारे तरंग निघतात. त्या लहरींची फ्रिक्वेन्सी किती झपाट्याने चढत जाते यावरून त्या मुळात किती जोराच्या होत्या हे आईनस्टाईनच्या समीकरणांवरून कळतं, आणि आपल्याकडे किती क्षीण पोचल्या ते डिटेक्टर सांगतो. झालं, अंतर मिळालं. सेफिड नको, सुपरनोव्हा नको, मधली एकही पायरी नको. मग नेहमीच्या दुर्बिणींनी ती दीर्घिका शोधून रेडशिफ्टवरून वेग काढायचा.

१७ ऑगस्ट २०१७ ला असं एकदा झालं. एनजीसी ४९९३ नावाची दीर्घिका, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं, आणि उतार आला ७०. पण एकच घटना असल्यामुळे चूक मोठी, वर १२ आणि खाली ८, म्हणजे ६७ पण बसतं आणि ७३ पण. अशा बऱ्याच घटना जमल्या की निकाल लागेल. अडचण ही की लहर कुठल्या दिशेने आली हे एकट्या डिटेक्टरला कळत नाही, वेगवेगळ्या ठिकाणी ती किती मिलिसेकंद पुढेमागे पोचली यावरून दिशा काढतात. सध्याचे दोन अमेरिकेत, एक इटलीत, एक जपानमध्ये. हिंगोलीचा या सगळ्यांपासून खूप लांब, त्यामुळे तो सुरू झाला की आकाशातला शोधायचा तुकडा बराच लहान होईल आणि दीर्घिका पटकन सापडेल. गावात विचारलं तर हे सांगा.

हिंगोलीकर_प

सांगतो. येत्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा आहे, तिथेच बोलतो. तो १७ ऑगस्टचा सिग्नल आवाजात रूपांतर केलेला कुठे ऐकायला मिळतो का, मुलांना ऐकवायचाय.

दुर्बीणवाली_पुणे

मिळतो, लायगोच्या वेबसाईटवरच आहे. मूळ सिग्नल मिनिटभराहून लांब होता आणि शेवटच्या काही सेकंदांत सूर एकदम वर चढतो, स्पीकर चांगला घ्या कारण सुरुवातीचा भाग फार खालच्या पट्टीत आहे.